मांडीवरची करंडी

पप्पा, गाडी माझी आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मीच शोधली, जुनी, दोन दारांची, लाल, आणि तिच्यात टर्बोही मीच बसवून घेतला. तुम्ही असता तर म्हणाला असता, "कंपनीने दिलंय त्यात बोट घालू नकोस." घातलं. चांगलं कोपरापर्यंत घातलं.

तुम्हाला तो रविवार आठवत नसेल. चिखल्याहून तलासरीला आत्याकडे पिकलेले चिकू न्यायचे होते. मी कॉलेजात होते, लायसन्स नुकतंच हातात आलं होतं, आणि तुमच्या आधी येऊन स्टिअरिंगवर बसले होते. तुम्ही दार उघडलंत. "उतर. मागे बस आणि चिकू सांभाळ. एक जरी दबला तर आत्याला तोंड तू दे." दादा हसत चावी घेऊन बसला. त्यानंतर दर वेळी तेच. दादा चालवतो, तुम्ही त्याच्या डाव्या हाताला, आणि मी मागे, मांडीवर करंडी, कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी शिकवल्यासारखी पाठ ताठ. कोसबाडचं वळण येतं. दादा ब्रेक उशिरा मारतो, करंडी पुढे धावते, मग गाडी बाहेर झुकते आणि सगळे चिकू एका कडेला येतात. मी हातांनी बांध घालते. कुठे गाडी सैल पडते, कुठे उडते, हे पुढे बसलेल्यांना कळायच्या आधी माझ्या मांडीला कळतं. पोहोचल्यावर तुम्ही एकेक चिकू अंगठ्याने दाबून बघता. चालवणाऱ्याला कधीच काही विचारत नाही.

दोन हजार सतराच्या उन्हाळ्यात हायवेवरच्या गॅरेजवाल्याने टर्बो बसवला. "मॅडम, पूर्ण प्रेशर देतो, रॉकेट होईल." झालीच. पाय दाबला की स्टिअरिंग हातातून ओढून घ्यायची, वळणावर सरळ जायला बघायची, आणि तलासरीच्या अलीकडे चढावर इंजिन उकळून उभी राहिली. टेम्पोवर चढवून घरी आणावी लागली. दादा ओट्यावर उभा होता. "शोभतं का या वयात? शेड माझी आहे, तिथे भंगार नको. विकून टाक." मी म्हटलं, "तलासरीला जाऊन परत येईन. उकळली नाही आणि करंडीतला एकही चिकू दबला नाही, तर शेडबद्दल पुन्हा बोलायचं नाही. दबला, तर विकते." दादा म्हणाला, "चालेल. चिकू मी आणतो. चांगले मऊ."

गॅरेजवाला डोकं खाजवत राहिला. "पावर कमी करायला आलेलं तुम्ही पहिलंच गिऱ्हाईक, बेन." मी म्हटलं, "पळते छान. पण वळत नाही, आणि थांबायला तिला अर्ज करावा लागतो." त्याने प्रेशर उतरवलं, मोठा रेडिएटर, मोठ्या डिस्क, चांगले टायर घातले. वर स्वतःच्या हौसेने कडक स्प्रिंगा घालून गाडी खाली बसवली. "आता रस्त्याला चिकटेल." डांबर गुळगुळीत होतं तोवर चिकटली. पुढे उखडलेल्या पट्ट्यावर चाकं टणाटण उडायला लागली, आणि हवेतल्या चाकाला पकड कसली? त्याला करंडी घेऊन मागे बसवलं आणि त्याच पट्ट्यावरून नेलं. परत आल्यावर शर्टावरचा चिकूचा गर पुसत तो म्हणाला, "बदलतो." स्प्रिंगा नरम झाल्या, शॉकअप भारी आले.

परीक्षेच्या दिवशी भर दुपारी मी दादाला म्हटलं, "मागे बस."

"मी? मागे?"

"चिकू सांभाळायचेत ना."

सत्तरीकडे झुकलेला माझा भाऊ पुढची सीट वाकवून, कुरकुरत मागे शिरला. हायवेवर एका ट्रकला मी एका दमात मागे टाकलं तेव्हा तो देवाचं नाव घेत होता. कोसबाडला मी ब्रेक वेळेवर मारला, गाडी वळली, आणि मागून कुरकुर ऐकू आली नाही. इंजिनाच्या तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. घरी आल्यावर दादा तुमच्यासारखाच अंगठ्याने एकेक चिकू दाबत बसला.

"हा बघ, दबलाय."

"तो तू आत्ता दाबलास."

दादाने तो चिकू सोलून खाल्ला, आणि शेडमधली आपली स्कूटर एका बाजूला सरकवली.

तर पप्पा, तुम्ही मला मागे बसवलंत, आणि मी तिथेच शिकले. याचे आभार मी मानणार नाही. पुढे बसून याहून लवकर शिकले असते.

हा कागद गाडीच्या कप्प्यात टॉर्चखाली राहील. दादाला सांगितलेलं नाही, पण चिकू हे निमित्त होतं. करंडी त्याला पुढे बसूनही मांडीवर घेता आली असती. पुढची डावी, तुमची सीट मला रिकामी हवी होती.