ओढ्यापलीकडची वाइन

तोरिनो, २० मार्च १९७१

ति. एवाझिओकाकांना सेलेस्तीनाचा नमस्कार, वि. वि.

लग्न जूनच्या पहिल्या रविवारी ठरलं. बाबांच्या माघारी तुम्हीच मला वाढवलंत, तेव्हा चर्चमधल्या वेदीपर्यंत मी तुमचाच हात धरून जाणार. दुसऱ्या कुणाचा मला चालायचा नाही.

तुम्ही नाक का मुरडताय ते ठाऊक आहे. माझ्या रेमिजोचा मळा ओढ्यापलीकडे; तुमचा ‘आस्ती’ वाइनच्या सरकारी हद्दीत, त्याचा बाहेर. द्राक्ष तेच मोस्कातो, गोडी तीच, फेसही तोच. फक्त बाटलीवर ‘आस्ती’ लिहायला बंदी. हद्द काय त्यानं आखली? त्याच्या आईला लग्नात घरचीच वाइन वाढायची आहे. दोन्हीकडची वाढू या ना. काकूला माझ्या बाजूनं बोलायला सांगा, नाहीतरी ती बोलतेच.

माया आटू देऊ नका.

तुमची लाडकी,
सेलेस्तीना

कनेल्ली, २८ मार्च

चि. सेलेस्तीनास अनेक आशीर्वाद.

मुलगा वाईट आहे असं मी कधी म्हटलं? पण माझ्या पुतणीच्या सुखासाठी बिननावाच्या वाइनचा पेला मी उचलणार नाही. पंगतीत फक्त आपल्या टेकडीची वाइन असेल तर येईन, नाहीतर धर त्याच्या मामाचा हात.

कारखान्यातली आणायची नाही. चंद्र वाढीला लागलाय, फेसाला हेच दिवस चांगले, मी स्वतः बाटल्या भरतोय. शेजारी म्हणतात, गोडी शिल्लक असताना घरी भरली की उन्हाळ्यात पुन्हा आंबून फसफसते. मला शिकवतात.

काकू तुझ्याच बाजूनं बोलते आहे, सकाळपासून.

तुझा हट्टी काका,
एवाझिओ

कनेल्ली, २४ मे

चि. सेलेस्तीनास अनेक आशीर्वाद.

गुरुवारी ऊन तापलं आणि तळघरात बार उडायला लागले. एक बाटली फुटली, तिच्या धक्क्यानं शेजारची, मग अख्खी रांग. काकूला वाटलं, पुन्हा लढाई पेटली. मी मक्याची पोलेंता शिजवायचं तांब्याचं पातेलं डोक्यावर घालून आत गेलो आणि कोपऱ्यात अडकून बसलो. आवाज ओढ्यापलीकडे पोचला असणार. रेमिजो धावत आला, त्यानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. बिचारा हसला नाही. मला हसू फुटल्यावर मात्र दोघंही पोट धरून जमिनीवर बसलो.

एक बाटली शिल्लक नाही. संध्याकाळी त्यानं घरची आणली. नाकाशी धरली, तर तुझ्या बाबांच्या हातची असावी असा वास. तीन पेले घेतले. तरी जित्याची खोड, म्हटलंच की बाबा रे, हिला आमचं नाव काही मिळायचं नाही. त्यावर तो म्हणाला, नाव तुमच्याकडेच राहू द्या काका, मला पोरगी तेवढी द्या.

दिली, पोरी. लग्नाच्या रविवारी हात माझाच धर.

तुझा काका