दांडा पक्का आहे

४ ऑगस्ट
आज रुजू झालो. वृद्धाश्रमाचा नवा मिस्त्री! पगाराचं सोडा, आईला इथेच खोली मिळाली, खिडकीपाशी. मी काम सोडलं तर खोलीही सुटेल, हे व्यवस्थापक बाईंनी हसत हसत सांगितलं. मीही हसलो. मग न्हाणीघरं पाहिली: कमोडच्या उंच बैठका, आंघोळीच्या चाकांच्या खुर्च्या, भिंतीवरचे आधाराचे दांडे. माझं मत स्वच्छ आहे. म्हातारा माणूस दांडा धरतो तेव्हा तो मिस्त्रीचा शब्द खरा मानतो. हलणारा दांडा म्हणजे भिंतीवर ठोकलेला खोटेपणा!

६ ऑगस्ट
बैठकांच्या पायांचे रबरी बूट बदलले, खुर्च्यांच्या चाकांचे ब्रेक घट्ट केले. तळमजल्यावरच्या न्हाणीतला दांडा मात्र काल आवळला आणि आज पुन्हा डुगडुगतोय. इथे एक आजी आहेत, तोंडाला विसावा नाही, म्हणून सगळे त्यांना रेडिओआजी म्हणतात. त्या म्हणाल्या, आधीच्या मिस्त्रीचंही याच दांड्यापायी डोकं फिरलं होतं. मग एके दिवशी दांडा खडकासारखा घट्ट झाला आणि मिस्त्री गायब. हत्यारांची पिशवीसुद्धा टाकून गेला. हल्ली दांडा पुन्हा हलतो. दमला असेल बिचारा, असं म्हणून त्या खो खो हसल्या.

९ ऑगस्ट
भिंत ओलीने भुसभुशीत झाली आहे. न्हाणी बंद करा, भिंत नवी बांधा, म्हणून बाईंपुढे घसा फोडला. भिंत पोकळ आहे हे म्हाताऱ्यांनी पडून सिद्ध करायचं का, असं विचारलं. भाषणंच ठोकायची असतील तर आईला घेऊन दुसरीकडे ठोका, म्हणाल्या. पाना उचलून परत न्हाणीत गेलो. आईची आंघोळ याच न्हाणीत होते. तिचा डावा गुडघा वाकत नाही. सगळा भार दांड्यावर.

१० ऑगस्ट
भिंतीमागे पाइपांची अरुंद डक्ट आहे. झाकण काढून आत शिरलो. दांड्याचे दोन बोल्ट भिंतीतून आरपार आलेत. नट नाहीत. टोकं चकचकीत — हात लागून लागून होतात तशी. एक बोल्ट मी धरला. दुसरा आधीच कुणीतरी —

गार बोटं. एकेक सुटत गेली. सुस्कारा ऐकला. कुणीतरी मला घासून बाहेर सरकलं.

झाकण बाहेरून लागलं.

बहुधा ११
हात काढला की बोल्ट घसरतो. न्हाणी रिकामी असली की एका हाताने भागतं, दुसऱ्याने हे लिहितो. कुणी आलं की दोन्ही लागतात. ओरडलो. पलीकडे म्हणाले, नळ घोंघावतोय.

रेडिओआजी सांगत होत्या, हाही पळाला, पण काम चोख करून गेला. बाईंनी दांडा ओढून पाहिला. खूश. दांडा पक्का आहे, त्याच्या म्हातारीला राहू द्या, म्हणाल्या.

तारीख?
बोटांत जीव नाही. कुणीतरी या. कुणीही —

आईची चप्पल. फरफटणारा पाय. ती आंघोळ घालणाऱ्या आयाला सांगतेय, माझ्या लेकाने बसवलाय, बिनधास्त धरते.

आई, नको — ऐकू जात नाही — तिने धरला — सगळा भार — एका हाताने नाही जम