तुम्ही चढवलेली गाडी

बाबा, तुमची गाडी मी खाली घेतली. मागच्या स्प्रिंगचे दोन जादा पाटे काढले, पुढच्या स्प्रिंगखाली तुम्ही घातलेल्या लोखंडी चकत्याही काढल्या. ती नवी असताना जेवढी उंच होती, तेवढीच आता आहे.

तुम्ही ती एवढी उंच का चढवली, हे मला ठाऊक आहे. मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या मागच्या सीटवर रचून आपण दोघं शेलूबाजारला निघालो होतो. वावरातून निघणाऱ्या पांदणीतल्या दगडावर गाडीचं पोट आपटलं आणि इंजिनाचं ऑइल धुळीत सांडलं. भाजी उन्हात माना टाकते आहे, तुम्ही गाडीखाली उताणे पडला आहात, नुसते पाय बाहेर दिसताहेत. त्यानंतर तुम्ही कुठूनसे जुन्या जीपचे पाटे आणून बसवले. गाव हसलं. मी घरी येऊन म्हटलं, "बाबा, लोकं म्हनतात, गाडी हाय का बैलबंडी?" तुम्ही मलाच दटावलंत. "लोकायच्या हसन्यानं माल थांबत नाही, पोरी. गाडी दिसाले नाही, चालाले घेतली."

आता हायवे झाला आहे. गेल्या उन्हाळ्यात आईला घेऊन शिरपूरला मावशीकडे चालले होते. वळणावर समोरून ट्रक आला, मी स्टिअरिंग फिरवलं आणि ती उंच गाडी अशी कलली, की आता आडवी होते असंच वाटलं. सावरली. पण आई खाली उतरली आणि तिथंच कडेला बसली. "मी याच्यात बसत नाही आता. भाड्याच्या जीपनं जाईन." भाऊ म्हणाला, भंगारात देऊन टाक.

मी ती मंगरूळपीरला मिस्त्रीकडे नेली. तो तुम्हाला ओळखायचा. खाली वाकून बघत म्हणाला, "ताई, बाबानं लय कायजीनं लावले हे पाटे. काहून काढता?"

"त्यायनं रस्ता पाहून लावले होते," मी म्हटलं. "रस्ता बदलला."

त्यानं पाना उचलला. गंजलेले नट सोडवायला मीही हात लावला. चाकं सरळ करून घेतली, आणि आधी एकटीच त्या वळणावरून जाऊन आले. मग आईला बसवून शिरपूरला निघाले. वळण येईपर्यंत तिनं दाराचा दांडा घट्ट धरला होता. वळण गेलं. थोड्या वेळानं तिनं हात मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आता कशी जमिनीवर चालून राह्यली." शिरपूरहून परतताना तिनं स्वतःच विचारलं, "उद्या याच गाडीनं धनजले जाऊ का?"

गाडी आता वावरापर्यंत येत नाही. पांदणीच्या तोंडाशी उभी करते आणि पुढं पायी जाते. त्याचं मला काही वाटत नाही. जे केलं ते बरोबरच केलं, आणि पुन्हा करायची वेळ आली तर पुन्हा करीन.

हे कुठं धाडायचं नाही, म्हणून एवढं लिहून टाकते. तुम्ही असता, तर त्या पाट्यांना हात लावायची माझी हिंमत झाली नसती.