चीनमधला पोळा

१७ ऑगस्ट, रविवार

पैज लागली! फोनवर दादाला स्पष्ट सांगितलं — शुक्रवारी गेममध्ये मी जिंकले तर तू पुण्याहून आर्णीला यायचं आणि बाबांशी बोलायचं. हरले तर मी हा विषय जन्मात काढणार नाही. "चाल, मंजूर!" फारच शेफारलाय.

दोन वर्षांपूर्वी बाबा दवाखान्यात असताना यानं परस्पर बैलजोडी विकली. तेव्हापासून दोघांची बोलचाल बंद. निरोप पोचवायला मी आहेच फुकटची!

१९ ऑगस्ट

सराव. गेम प्राचीन चीनचा — धान पिकवा, सैन्य उभारा, समोरच्याची राजधानी जाळा. समोरचा काय करतोय ते दिसत नाही, त्याच्या मुलखावर धुकं. नांगराला बैल आहेत म्हटल्यावर बाबा चष्मा लावून, खुर्ची ओढून बसले. सेनापतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"धुऱ्यावर तूर काहून नाही लावली?"

बाबा, चीन आहे हो!

"मंग? पाह्य, उजव्या हाताचा बैल लंगडून राह्यला."

२१ ऑगस्ट

आज खांदमळणी, पोळ्याआधी बैलांचे खांदे लोण्यानं मळायचा दिवस. गोठा रिकामा, तरी आई लोण्याची वाटी घेऊन अंगणात उगाच फिरत होती. बाबा स्क्रीनपुढे वाकले आणि हळूच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

चिनी बैलांना! हसणार होते, पण रडूच आलं.

२२ ऑगस्ट, पोळा

हरले!!

बैल जुंपणार तोच बाबांनी माऊसवर हात ठेवला. "पोळ्याच्या दिवशी बैल जुपून राह्यली? लाज नाही वाटत तुले?"

मग पैजेचं सांगून टाकलं. बाबा, दादाला घरी आणायचंय! "त्याले बैलाचं काय!" म्हणाले, पण हात काही काढला नाही.

बैल झाडाखाली. बैलांशिवाय धान निम्मंच, सैन्य उपाशी. तरी चाळीस मिनिटं टिकले. दादाचंही सैन्य मूठभरच आलं, काय माहीत का. तेवढ्यानंच माझी राजधानी जाळली.

त्याचा मेसेज: "आता विषय बंद." मला फार वाईट वाटतंय. बाबा मात्र पुरणपोळी खाऊन घोरताहेत!

२३ ऑगस्ट

कालच्या डावाचं रेकॉर्डिंग लावून पाहिलं. त्यात धुकं नसतं.

दादाचा नांगर पहिल्या मिनिटापासून रिकामा. दोन्ही बैल तळ्याकाठी, मोकळे.

बाबांनी तेवढंच तीनदा पाहिलं. मग म्हणाले, "लाव त्याले फोन."