मोहाची हाक

धानोरा, १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय बाई,

सप्रेम जयभीम. भाऊजींचा गुडघा कसा आहे? सिरोंच्यात अजून उकडत असेल. इकडे धान निसवलंय, आणि तुझी धाकटी बहीण डोंगर चढून आलीय! आधी हसून घे, मग पुढे वाच.

माझी चंचल नाशकात दगडांचं शिकते, ठाऊक आहेच तुला. "आई, घरात बसून बसून तू खुडूक कोंबडी झाली. चाल मायासंगं," म्हणाली आणि मला हरिश्चंद्रगडावर घेऊन गेली. सोबत तिच्या वर्गातली पोरं. ते सगळे डोंगर म्हणे ज्वालामुखीच्या रसाचे. एक थर निवला की त्यावर दुसरा. आपले डोंगर झाडीत लपून असतात, हे उघडेच उभे, थर मोजून घ्या म्हणतात. मी चंचलच्या कानात म्हटलं, "एवढ्या वेळा उतू गेलं, चुलीपाशी कोनी बसलं नव्हतं काय व?" तिने ते मोठ्याने सगळ्यांना सांगितलं. पोरं पोट धरून हसली.

काळ्या दगडाला धरत धरत वर पोचले. माझे पाय धानाच्या रोवणीच्या चिखलात तयार झालेले, ते काय मागे राहतात!

मग चंचल "कड्याचा दगड पाहून येते" म्हणून पुढे गेली आणि धुकं उतरलं. हातभर लांबचं दिसेना. पुढे नुसती खोल दरी. सगळी पोरं एकदम "चंचल! चंचल!" ओरडायला लागली. हाका कड्यावर आपटून चहूकडून परत येत होत्या. पोरीला वाट कळणार कशी? सगळे ओरडत होते, फक्त तिची आई गप्प होती.

काऊन, ते आता सांगते. धानोऱ्यात रेंज नाही म्हणून पत्र लिहिते, असं तुला सांगत आले, ते खोटं आहे. दोन वर्षांमागे गळ्याच्या ऑपरेशननंतर मी शेजारच्यांच्या फोनवरून तुला फोन केला होता. "कोन बोलून राह्यला, भाऊ? घरी गडीमानसं नाईत, ठेव फोन," म्हणालीस आणि तूच ठेवलास. बाई, माझ्या सख्ख्या बहिणीने मला पुरुष समजलं. जिच्या हाकेने अस्वल वाट सोडायचं, ती नूतन त्या दिवसापासून चारचौघांत बोलली नाही. डॉक्टर म्हणायचे, बोलत राहा, आवाज मोकळा होईल. मी कुठली ऐकते! तुझ्यावर राग नव्हता गं. लाज वाटायची.

त्या धुक्यात लाज कुठे पळाली कोण जाणे. पोरांना हाताने गप्प केलं. जंगलात मोहाची फुलं वेचताना आपण एकमेकींना द्यायचो ना, तीच हाक दिली. पहिली घशातच अडली. दुसरी करवतीसारखी निघाली, पण निघाली बाई! हूऽऽऽ होऽऽऽ! मग एका जागी उभी राहून देतच राहिले. छाती दुखली तरी थांबले नाही.

आणि धुक्यातून उत्तर आलं. "होऽऽऽ!"

हाकेमागून हाक घेत पोरगी चालत आली. भिऊन एका दगडाला धरून बसली होती म्हणे. "आई, आवाज तुया वाटलाच नाई," ती गळ्यात पडून रडत म्हणाली, "पन मोहाची हाक आली अन् समजलं, तू इकडंच हाय."

मीही रडले. मग तिला जी झाडायला सुरुवात केली, ती गड उतरेपर्यंत. पोरं म्हणाली, मावशी, आता पुरे. मी म्हटलं, दोन वर्षांचं साचलंय, ऐका.

आता पत्र येणार नाही. रविवारी दुपारी फोन वाजेल. पलीकडून घोगऱ्या आवाजात कोणी "बाई" म्हणालं, तर ठेवू नकोस. तो कोणी भाऊ नाही, मीच आहे.

तुझी
नूतन