चुलीपाशी रचलेली खोडं

सौंसर, मंगळवार संध्याकाळ, १९८७

बाबा माह्याशी बोलून नाही राहिले. शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं.

बाबा नागपूरच्या क्लबात रमी खेळतात. जिंकलेल्या पैशावर टॅक्स लागते, हारलेला त्यातून वजा होत नाही म्हणे. शेतीवर टॅक्स नाही. म्हणून बाबानं ते पैसे संत्र्याचे दाखवले. पण आमचा बगीचा तं वाळला, मागच्याच साली तोडला.

आज टॅक्सवाले साहेब घरी आले. बाबा हसून सांगे, "यंदा बहार लय मस्त होता, साहेब!" पत्ते खेळतानी असतो तसाच चेहरा. कोणाले काही समजत नाही असा.

साहेबानं मलेच विचारलं, "बेटी, संतरा कैसा रहा?"

माही शाळा कायमची सुटली तवापासून परक्या माणसासमोर माह्या तोंडून शब्द निघत नाही. मी फक्त चुलीकडे पाहिलं. काहून पाहिलं? साहेबानंही तिकडंच पाहिलं. चुलीपाशी संत्र्याची खोडं रचली होती.

"पेड कब काटे?" साहेब बाबाले म्हणे.

बाबाचा चेहरा पडला. तसा मी कधीच पाहिला नव्हता.

साहेब गेल्यावर माय म्हणे, "तू तं काहीच बोलली नाही, पोरी."

हो, बोलली नाही.

आत्ता बाबानं उठून एक खोड आपल्या हातानं चुलीत सारलं. माह्याकडे पाहिलं नाही.