वेल असेपर्यंत

प्रिय दादा,

पत्र फाडण्याआधी एवढं वाच, मग खुशाल फाड. मी भांडायला लिहीत नाही. तेवढं त्राणच उरलं नाही रे.

तुझ्या रोपवाटिकेचं काचघर आता दिसतही नाही. वेलीने छप्पर झाकलं, मग पलीकडचा विजेचा खांब. उतार धसू नये म्हणून बाबांनी ती परदेशी वेल हौसेने लावली, तेव्हा आपणच झारीने पाणी घालायचो, आठवतं? पुढे तिच्याखाली तुझी रोपं उजेडावाचून मेली, तरी बाबा तिला हात लावू देईनात. वेल असेपर्यंत या घरात पाय ठेवणार नाही म्हणून तू गेलास. दोघेही मेले हट्टी! मधल्यामध्ये माझं मरण.

बाबांचा घसा जवळजवळ बंद झालाय. डॉक्टरांनी हात टेकले. दूध, सूप, डब्यातल्या पावडरी, सगळं उलटून पडतं. पोटात राहतं ते फक्त त्या वेलीच्या मुळाचं सत्त्व. तू मला भांडकुदळ म्हणायचास ना, आता खरोखरची कुदळ घेऊन उतारावर जाते. मांडीएवढी मुळं निघतात. ती ठेचायची, पाण्यात कोळायची, फडक्यातून गाळायची. वरचं गढूळ पाणी ओतून पुन्हा नवं घालायचं, खालचा साका पांढरा होईपर्यंत. गार पाण्याने बोटं बधिर होतात आणि हाती लागतं वाटीभर. तेवढं शिजवून चमच्याने भरवते. जिला आपण दोघांनी एवढ्या शिव्या घातल्या, तिच्याच जिवावर बाबा जगताहेत.

खांबावरची वेल मारायला दरवर्षी वीज कंपनीचा फवारणीवाला परवानगी मागायला येतो आणि बाबा त्याला हाकलून देतात. यंदा त्याला खुणेने जवळ बोलावलं आणि सही केली. सगळा उतार, मुळासकट. मी ओरडले, रडले. त्या विषानंतर मुळं खाता येणार नाहीत, मग तुम्ही खाणार काय, म्हटलं. ते एवढंच पुटपुटले की वेल गेली की तो येईल.

सोमवारी फवारणी आहे. तोवर कितीही खणलं तरी बरणीभरच सत्त्व साठेल. बाबा मला त्यांची खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवायला लावतात. दादा, बरणी संपायच्या आत ये. येणार नसशील तर तसं कळवू मात्र नकोस. त्यांना दाराकडे बघत राहू दे.

तुझीच,
भांडकुदळ